समजाशेठ

नारायणगाव, मंचर, आळेफाटा या पट्ट्यात शेठ व्हायला पैसा लागत नाही. टमाटी लावणारा शेठ, ती पिकअपमधून वाहणारा शेठ आणि दोघांची उधारी वहीत मिरवणारा चहावाला, तोही शेठच. तेव्हा आमच्या या पोरामागे शेठ लागला यात त्याचं कर्तृत्व काही नाही. कर्तृत्व आहे ते ‘समजा’मध्ये.

त्याचं कुठलंही वाक्य ‘समजा’ने सुरू होतं. स्टँडवर एसटीची वाट बघत उभे असाल तर हा शेजारी येऊन म्हणणार, “समजा, गाडी राजगुरुनगरहून ताशी ४५च्या वेगाने निघाली...” चहा सांगितला तर, “समजा, या कपात दूध आणि पाणी तीनास दोन आहे...” एकदा भावकीतल्या मयताला गेला होता. खांदेकरी चार, वाट सातशे मीटरची, असं कुणीतरी बोलल्याचं कानावर पडलं आणि याचे ओठ हलायला लागले. लोकांना वाटलं रामनाम घेतोय. चुलता बरोबर ओळखून होता, त्याने कोपराने ढोसलं.

असा एखादा हायवेच्या दर दोन-चार गावांत सापडतोच. इंजिनिअरिंग झालेलं असतं, अवसरीत नाहीतर पुण्यात. चाकणच्या कुठल्यातरी कंपनीत अकरा महिने काढलेले असतात. मग एके दिवशी बॅग घेऊन घरी येतो आणि जाहीर करतो की आयआयएमसाठी आपण ‘कॅट’ देणार. आमच्या शेठने हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या आईने ओसरीवरच्या मांजराकडे बघितलं होतं, हे तो स्वतःच हसत सांगतो.

माझं स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे तालुक्याची महत्त्वाकांक्षा मला पानांच्या हिशेबात कळते. एमपीएससीवाले चालू घडामोडी नेतात, जाडजूड, दोन्ही बाजूंनी छापून. पोलीस भरतीवाले फक्त अर्जाच्या वेळी दिसतात, एरवी ते मैदानावर. समजाशेठ दर सोमवारी येतो आणि पेनड्राइव्हमधून नेमकी क्वांटची पानं काढून नेतो. कॅटला तीन भाग असतात, दर भागाला ४० मिनिटं. पहिला इंग्रजीचा, दुसरा तक्ते-कोडी-तर्काचा, तिसरा आकडेमोडीचा म्हणजे क्वांटचा, त्यात बावीसेक प्रश्न. बरोबर आला की तीन गुण. पर्याय निवडून चुकला तर एक गुण कापला जातो, पण उत्तर स्वतः टाइप करायचं असेल तिथे चुकण्याला दंड नाही. मी विचारलं, “अरे, पहिल्या दोन भागांची प्रिंट?”

“भाऊ, ते होऊन जातं.”

मला तेव्हाच शंका आली होती. पण गिऱ्हाइकाला जास्त पानं काढ म्हणणारा दुकानदार लोभी दिसतो, म्हणून गप्प बसलो.

अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम १९६१ साली निघाल्या, नागपूरला २०१५ साली, आणि मुंबईच्या जुन्या ‘निटी’ची २०२३ साली आयआयएम झाली, हे सगळं त्याला पाठ. त्याच्या वडिलांना, तात्यांना, एकच गोष्ट समजून घ्यायची होती, ती म्हणजे परसेंटाइल. ती त्यांना आजतागायत समजलेली नाही.

“निम्म्या मार्कांना नव्व्याण्णव?”

“तात्या, ते टक्के नाहीत. शंभर पोरांत नव्व्याण्णव आपल्या मागं.”

“मंग तू पुढं गेला का ती मागं राह्यली?”

यावर समजाशेठने उत्तर दिलं नाही. माझ्या मते प्रश्न अगदी बरोबर होता.

क्वांटच्या पुस्तकांचं मला एक नवल वाटतं. शहरातली माणसं ती लिहितात, पण आत सगळा आमचाच तालुका भरलेला असतो. दूध आणि पाणी, मजूर आणि दिवस, टाकी आणि नळ, नफा आणि तोटा, भागीदारी आणि भांडण. फक्त माणसं फार वाईट आहेत. त्या पुस्तकांत प्रामाणिक गवळी औषधालाही नाही. एक चाळीस लिटरमधून आठ काढतो आणि तेवढंच पाणी घालतो, पुन्हा काढतो, पुन्हा घालतो. समजाशेठ हे गणित मोठ्याने वाचत होता आणि आई गोठ्यातून कॅन घेऊन डेअरीला निघाली होती. ती उंबऱ्यात थबकली. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या खाली दूध गेलं की लिटरमागे पैसे कापतात, पावतीवर छापून येतं. “आठ लिटर पाणी?” ती म्हणाली. “त्याला डेअरीत कुणी बोललं नाय का रं?” मिश्रणाचं उत्तर आलं, ते बरोबरही होतं, पण आईने त्या दिवशी पोराला चहा काळाच दिला.

आगगाड्यांचं दुःख वेगळं. पुस्तकात दर चार पानांनी एक गाडी धावते, २४० मीटर लांबीची, आणि कुठलातरी फलाट २४ सेकंदांत ओलांडते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून वीतभर रूळ नाही. पुणे–नाशिक रेल्वे येणार हे ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. महारेलने २३५ किलोमीटरचा मार्ग आखला, मोजणीवाले शेतात खुणा करून गेले, तेव्हा खोडदची रेडिओ दुर्बीण आड आली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशगंगेची कुजबुज ऐकत बसलेल्या, त्यांच्या कानाशी रेल्वेचा गोंगाट नको म्हणून मार्ग वळवायची भाषा सुरू झाली. पारावर समजाशेठ एकदा समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांचं गणित समजावून सांगत होता. एक म्हातारा शेवटपर्यंत शांतपणे ऐकून म्हणाला, “त्या दोन्ही जाऊ दे. आपली कवा येणार ते सांग.”

घरात त्याला खरी टक्कर आहे ती आबांची. आबा म्हणजे आजोबा, ऐंशी पार केलेले, एका कानाने कमी ऐकणारे, तो कुठला कान हे प्रसंगानुसार ठरवणारे. समजाशेठने ऑनलाइन क्लासची अठरा हजार रुपये फी भरली, त्यात एक तक्ता मिळाला. अपूर्णांकांची टक्केवारी. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक षोडशांश म्हणजे सव्वासहा, वगैरे. हा तक्ता तोंडपाठ असला की गणित झटक्यात सुटतं म्हणे. त्याने तो ओसरीच्या भिंतीवर खळीने चिकटवला आणि पंधरा दिवस घोकत बसला. आबा खाटेवरून बघत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, “काय पाठ करतोस?”

“शॉर्टकट आहे आबा. समजा, साडेबारा टक्के काढायचे...”

“रुपयात दोन आणे.”

समजाशेठ थांबला. “सव्वासहा?”

“आणा.”

“साडेसदतीस?”

“सहा आणे. पावणेएकोणीस विचार, तीन आणे. आरं, हे ह्या कागदाचं किती दिलं?”

फीचा आकडा सांगितल्यावर आबांचा चांगला कानसुद्धा ऐकेना.

मग त्यांना चेव आला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी झाली. शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. पंतोजींनी हातावर छड्या मारून पाठ करून घेतलेली. “सतरा औट?” असं स्वतःलाच विचारून “साडेएकोणसाठ” असं स्वतःच सांगून मोकळे. समजाशेठ तेव्हा पेनाचं टोपण काढत होता. १९५७ साली दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आबांचं निम्मं शिक्षण चलनातून बाद झालं. ते साठ-पासष्ट वर्षं पोटात तसंच पडून होतं, गिऱ्हाईक नाही म्हणून.

आबांना फक्त क्ष चालत नाही. “क्ष मानू” म्हटलं की विचारतात, “कोण? ह्या नावाचं आपल्या वाडीत कुणी नाय.” तिथे मात्र नातू जिंकतो आणि तेवढ्यावर आठवडाभर टिकतो.

पण कांद्याच्या लागवडीत जे झालं, ते तो अजून जिंकू शकलेला नाही.

दोन एकर कांदा. दरवर्षी पश्चिमेकडच्या वाड्यांतून पिकअप भरून बारा बायका येतात आणि दोन दिवसांत लागवड उरकतात. समजाशेठ म्हणाला, बारा गुणिले दोन, चोवीस. समजा, चोवीस बायका एकदम आणल्या, काम एका दिवसात. पिकअपची एक खेप वाचली, दुपारच्या कालवणाची एक वेळ वाचली. तात्यांना हिशेबात खोट दिसेना. मला विचारलं असतं तर मलाही दिसली नसती. मुकादमीण बाईने फोनवर दोनदा विचारलं, “चोवीस का?” तात्या ऐटीत म्हणाले, “पोरगा शिकलेला हाये.”

सकाळी आठला दोन पिकअप आल्या. चोवीस बायका उतरल्या, बांधाला चपला लागल्या, कोकणातल्या लग्नाचं वऱ्हाड उतरावं तसं शेत भरलं. रोप उपटायला आदल्या दिवशी दोनच बायका लावलेल्या, त्यांनी नेहमीच्या अंदाजाने पहिल्या दिवसापुरत्या जुड्या बांधल्या होत्या. त्या साडेअकराला संपल्या. मग निम्म्या बायका लागवड सोडून रोप उपटायला गेल्या. रोप आलं, तोवर पुढचे वाफे कोरडे. वाफे भिजवायचे तर मोटार चालू पाहिजे, आणि त्या आठवड्यात थ्री-फेज लाइट होती रात्रीची. आदल्या रात्री तात्यांनी जागून एक एकर भिजवलं होतं, तेही नेहमीच्याच अंदाजाने. दुपारी दीड वाजता चोवीस बायका बांधावर ओळीने बसल्या. दोनदा चहा झाला. एकीने गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं. लांबून बघणाऱ्याला वाटलं डोहाळजेवण चाललंय. संध्याकाळी हजेरी चोवीसांची द्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा बायका बोलवाव्या लागल्या.

समजाशेठ माझ्या दुकानात येऊन बसला. बराच वेळ मशीनचा आवाज ऐकत होता.

“भाऊ, प्रश्नात लाइटचा उल्लेखच नव्हता.”

त्याच्या आईने हीच गोष्ट कमी शब्दांत सांगितली होती. “बाया चोवीस आल्या, पण मोटार एकच व्हती.”

यानंतर महिनाभर त्याने घरातल्या कामांना गणित लावलं नाही. गणिताची भूक मग बाहेर निघाली. आळेफाट्यावर उभा राहून तो गाड्यांच्या नंबरप्लेटवर कापरेकरांचा खेळ खेळायचा. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हे शोधून काढलं होतं: चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा, पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येतं आणि मग तिथेच फिरत राहतं. कागदावर गोड खेळ आहे. पण एमएच चौदाचा २३५० नंबरचा टेम्पो समोर आला, यानं ५३२०मधून ०२३५ वजा करून ५०८५ काढलं, मग ७९९२, मग ७१७३... तो टेम्पो आळ्यात रेड्याच्या समाधीपाशी पोचला असेल तेव्हा हा ८३५२वर होता, आणि याला घरी नेणारी गाडी मध्येच कुठेतरी निघून गेली होती. २३५०ला पूर्ण सात पायऱ्या लागतात, हे मी नंतर दुकानात करून बघितलं. चाळीस पानं वाया गेली माझी, मशीनकडे लक्ष नव्हतं म्हणून.

पावसाळ्यात गावातली पोरं नाणेघाटाला गेली. पोरं उलट्या धबधब्याचे व्हिडिओ काढत होती आणि हा लेण्यात शिरून भिंतीपाशी मान वाकडी करून उभा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा तो लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत किती गाई दिल्या, किती घोडे दिले, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांत कोरलेलं. तेव्हा शून्य नव्हतं, त्यामुळे दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. एक आकडा चोवीस हजार चारशेचा वाचतात. परत आल्यावर त्याने मला हे इतक्या जिव्हाळ्याने सांगितलं की जणू राणीने क्लास लावला होता. बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. “समजा, दिवसाला इतके बैल उतरले...” इथपर्यंत येऊन तो घुटमळला. मला वाटतं त्याला कांद्याचे वाफे आठवले.

मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीच्या मामाने वय विचारलं. तो म्हणाला, “तात्यांच्या वयाच्या निम्म्याहून दोन कमी.” मामा हिशेब करत राहिले, पोहे संपले, स्थळ गेलं. तात्या नंतर म्हणाले की निदान माझं वय तरी विचारलं असतं त्यांनी.

पुस्तकातल्या एका पर्यायावर मात्र त्याचा भारी राग. ‘दिलेली माहिती पुरेशी नाही.’ काही प्रश्नांना हा शेवटचा पर्याय असतो. तो म्हणायचा, “भाऊ, हा घाबरटांचा पर्याय. गणित आहे म्हणजे उत्तर आहे.” सरावाच्या पानांवर असं उत्तर खरंच बरोबर निघालं तरी तो समोर लाल पेनाने बारीक प्रश्नचिन्ह काढायचा. ती पानं मी बघितली आहेत.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. सेंटर पुण्यात. अंतर पंचाहत्तरेक किलोमीटर, ताशी ४० धरले तरी दोन तासांत पोचतो, असं त्याचं गणित. तात्यांनी चाकणचा चौक बघितलेला आहे. त्यांनी पहाटे चारला उठवून गाडीत बसवला. तीन तास आधी पोचून तो गेटसमोर उभा राहिला आणि रस्त्याने जाणाऱ्या रिक्षांचे नंबर मोजत बसला, हे त्याने कबूल केलं नाही. पण मी विचारलं तेव्हा तो हसला.

इंग्रजीच्या भागात एक लांबलचक उतारा होता. ‘लेखकाला काय म्हणायचं आहे?’ यावर तो अडून बसला, कारण लेखकाने जे गृहीत धरलं तेच त्याला पटत नव्हतं. ४० मिनिटांत तो लेखकाशी वाद घालून बाहेर पडला. दुसरा भाग झाला, मग क्वांट आलं. पंधरा प्रश्न सपासप गेले. सोळावा काम आणि मजुरांचा. अमुक बाया अमुक दिवसांत काम करतात, तर...

“भाऊ, मला त्या बांधावर बसलेल्याच दिसायला लागल्या. गाणं म्हणत. मी स्क्रीनवर शोधत होतो की मोटारीचं कुठं लिहिलंय.”

नऊ मिनिटं गेली. प्रश्न तसाच सोडून दिला.

निकाल लागला तेव्हा क्वांटमध्ये ९१ आणि इंग्रजीत ३४ परसेंटाइल. तात्यांनी बेरीज करून १२५ काढले आणि शेजारी सांगून आले. कुणी दुरुस्त केलं नाही.

यानंतर काही दिवस तो दुकानात फिरकला नाही. फेब्रुवारीत उन्हाळी टमाटीच्या रोपांची बुकिंगं सुरू झाली. नारायणगावात हा प्रश्न दरवर्षीचा आणि दरवर्षी जीवघेणा. २०२३च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला, बंगल्यांचे पाये खणले गेले, आणि दोनेक महिन्यांत त्याच मार्केटमध्ये भाव इतका पडला की तोडणीची मजुरी अंगावर येते म्हणून लोकांनी माल रानातच सोडला. मी त्यांच्या घरी एका सातबाऱ्याची झेरॉक्स द्यायला गेलो होतो. तात्या पायरीवर बसलेले. त्यांनी पहिल्यांदाच, तंबाखू मळता मळता, पोराकडे न बघता विचारलं,

“टमाटी किती लावायची रं? तू आकडेवाला हायेस.”

समजाशेठने वही काढली. लिहायला लागला. पाऊस किती, नाशिककडे लागवड किती, कोलारचा माल कधी, शेजाऱ्यांनी काय ठरवलं, मार्चमध्ये लाइट दिवसाची की रात्रीची. पान भरलं. उलटलं. आई दारात येऊन उभी राहिली.

“समजा,” तो म्हणाला आणि थांबला.

त्याचं ‘समजा’ असं एकटं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

“तात्या,” शेवटी वही मिटून तो म्हणाला, “दिलेली माहिती पुरेशी नाही.”

तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली. खाटेवरून आबा म्हणाले, नेमक्या त्या क्षणी त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत होतं,

“दहा आणे टमाटी लावा, सहा आणे काकडी.”

तात्यांनी फोन काढून रोपवाटिकेचा नंबर लावला. समजाशेठने वही पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटला,

“साडेबासष्ट टक्के.”